उजवीकडे अधिक दहा

सोमवार, ३ तारीख

माझ्या भाचीच्या, चिंगीच्या, गेल्या वर्षीच्या गणिताच्या वहीत मागची चाळीसएक पानं कोरी आहेत. चौकोनांची आहेत, पण चालतील. ताई म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे आपण कुठे होतो ते निदान तुझं तुला तरी कळेल. हे तिनं हसत म्हटलं नाही.

तर, ताईकडे आहे. या वेळी आपणहून टपकलो नाही, तिनं बोलावलं. "तू त्या साउंडवाल्याकडे होतास ना? तुझ्या दाजींनी एक डबा आणून ठेवलाय. ये आणि लावून दे." साउंडवाल्याकडे मी चार महिने होतो, आणि त्यातले तीन वायरी गुंडाळण्यात गेले. हे फोनवर बोललो नाही. त्याआधी बोटीवर होतो, त्याआधी बेकरीत, त्याआधी एका माणसाकडे जो नुसती कुलपं उघडायचा. त्या कुलुपवाल्यावर एकदा सविस्तर लिहायला हवं. स्वतःच्या घराची किल्ली तो कायम शेजाऱ्यांकडे ठेवायचा.

डबा म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर. दाजी यार्डात क्रेन चालवतात, तिथला कुणीतरी घर बदलताना त्यांना देऊन गेला. पाच स्पीकर आणि एक लाकडी खोकं, ज्यातून नुसता घुमणारा जाड आवाज येतो. पुस्तिका नाही. दाजींनी सगळं हॉलमध्ये मांडून ठेवलंय आणि वर चादर टाकलीय, आजारी माणसावर टाकतात तशी.

मंगळवार, ४

टीव्हीवर रिसीव्हरच्या सेटिंगची यादी उघडली. पहिलाच प्रश्न: स्पीकर मोठे की छोटे? मी पाचही मोठे केले. मोठं मिळत असताना छोटं कोण घेईल? मग एक मारामारीचा सिनेमा लावला, तर स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची झाकणं वाजायला लागली आणि पडद्यावरचा नायक विहिरीत बसून बोलल्यासारखा बोलायला लागला.

दाजी कामावरून आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "मेव्हणे, हे सिनेमाचं आहे की रस्त्यावर रोलर फिरतोय?"

बुधवार, ५

फोनवर तीन तास वाचत बसलो. मधेच मुंग्या एवढं वजन कसं उचलतात त्यावर गेलो, पण परत आलो. छोटे म्हटलं म्हणजे स्पीकरचा अपमान नाही. ज्याला जड झेपत नाही त्याच्या डोक्यावर जड द्यायचं नाही, एवढंच. ऐंशी हर्ट्झवर रेघ मारायची, तिच्याखालचा जाड आवाज सगळा त्या लाकडी खोक्याकडे. पाचही छोटे केले, रेघ ऐंशीवर, खोक्याचा आवाज अर्ध्यावर आणला. झाकणं गप्प झाली. साउंडवाल्याकडे हे कुणी शिकवलं असतं तर कदाचित टिकलो असतो.

डब्यासोबत एक छोटा माइक आहे. बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं, मग प्रत्येक स्पीकर पाळीपाळीनं फुसफुसतो आणि रिसीव्हर स्वतःच हिशेब लावतो, कोण किती लांब आहे, कुणाला किती वाढवायचं. फ्रिज बंद केला, चिंगीच्या तोंडावर हात ठेवला. माइकनं सांगितलं, डावा आणि उजवा दोन्ही सारखे, शून्य आणि शून्य.

संध्याकाळी दाजी त्यांच्या खुर्चीत बसले. मी शेजारी उभा, परीक्षेच्या निकालाला थांबल्यासारखा.

"बोलणं कळत नाही," दाजी म्हणाले. "सगळे तोंडात पाणी धरून बोलतायत."

शुक्रवार, ७

बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, म्हणून मधला चारानं वाढवला. दाजी म्हणाले, "आता जरा बरं आहे. पण तुझा उजवा मेलाय."

रिसीव्हरमध्ये एक सोय आहे. तो स्वतःच एकेका स्पीकरमधून नळ सुटल्यासारखा आवाज काढत फिरतो. दाजींना म्हटलं, ऐकू आलं की हात वर करा. डावा वाजला, हात वर. मधला, हात वर. उजवा वाजला आणि दाजी शांतपणे टीव्हीकडे बघत बसले. मला ऐकू येत होता, पण मी स्पीकरपाशीच उभा होतो, त्यामुळे माझं धरता येणार नाही.

वायर बदलली. तेच. डावा स्पीकर उचलून उजवीकडे ठेवला आणि उजवा डावीकडे. आता मेलेला बरा झाला आणि जिवंत मेला. म्हणजे दोष स्पीकरचा नाही, जागेचा. उजवीकडे खिडकीला जाड पडदा आहे आणि कापड आवाज खातं, हे मी कुठेतरी वाचलंय. पडदा काढला.

ताई भाजीची पिशवी घेऊन आत आली. "पडदा का काढलास?"

"आवाज खातो."

"पडदा खातो?"

"हो. उजवीकडचा सगळा खातोय."

तिनं पिशवी खाली ठेवली. "तू माझ्या जागेवर बसून ऐकलंस का?" म्हणाली. आता मुख्य खुर्ची दाजींची. आवाज मुख्य खुर्चीसाठी लावायचा असतो, हे तिला कसं समजावणार? तंत्राचं बोललं की बायकांना कंटाळा येतो. हे तिला बोलून दाखवलं नाही. ती अजून माझा कान पिळू शकते.

शनिवार, ८

झालं. जमलं.

दाजींना बसवलं, रिमोट माझ्या हातात. उजवा एकेक करत वाढवत गेलो. अधिक चार, काही नाही. अधिक सात, "कुठेतरी आहे." अधिक दहा, आणि दाजींचा हात वर. डावा सहानं उतरवला. उजव्या स्पीकरचं तोंडही त्यांच्याकडे वळवलं. मग सिनेमा लावला. दाजी पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "अरे, पावलं येतायत त्या बाजूनं. जिन्यावरून कुणीतरी येतंय."

"येतंयच," मी म्हटलं.

"मेव्हणे, तुझ्या हाताला गुण आहे."

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कुणी वाचत नाही म्हणून. माझ्या हाताला गुण आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. बेकरीवाला तर उलटंच म्हणाला होता.

चिंगीनं एका कानात बोट घातलं. "मामा, सगळे त्या कोपऱ्यातून ओरडतायत." तिला म्हटलं, तुला सवय व्हायचीय.

दाजी ताईला म्हणाले, "बघितलंस? कान दाखवा, कान दाखवा म्हणत होतीस. मशीन बिघडलेलं होतं. ते मंगळवारचं रद्द कर, मला सुट्टी नाही." ताईनं मंगळवारी कुठल्यातरी डॉक्टरची वेळ घेतली होती म्हणे. मला माहीत नव्हतं. तिनं उठून फोन लावला, रद्द केलं आणि पडदा धुवायला टाकला. माझ्यावर कशावरून तरी चिडलीय. पडद्यावरूनच असणार.

बुधवार, १२

दाजींनी यार्ड दाखवायला नेलं. लोखंडी नळांचे ढीग, आणि दाजींची क्रेन. मी केबिनमध्ये चढून बसलो. डावीकडे सगळं मोकळं दिसतं. उजवीकडे तो उचलणारा लांबलचक हात आडवा येतो, त्यामुळे त्या बाजूचं काहीच दिसत नाही.

"मग तिकडचं कळतं कसं?"

"शिट्टी आहे ना," दाजी म्हणाले.

शिट्टी म्हणजे माणूस. खरं नाव कुणी घेत नाही. बुटका, गळ्यात पितळी शिट्टी, हातात लाल मोजे. खाली उभा राहून खुणा करतो. दाजींना तो दिसत असला की हातानं, आडोशाला गेला की शिट्टीनं. एक लांब म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे उचल. अकरा वर्षं ही जोडी आहे.

"तुमचे दाजी वर बसतात आणि मोठे साहेब," शिट्टी मला म्हणाला. "पण चालवतो मी. ते नुसते दांडे ओढतात."

"ह्याच्या घरीसुद्धा शिट्टीवरच चालतं," दाजी म्हणाले. "फक्त तिथे वाजवते दुसरी."

खूप हसलो. मला ही दोघं आवडली. दाजी म्हणाले, इथे खाली माणूस लागतो, बोलून बघू का तुझ्यासाठी? मी हो म्हटलं. एरवी अशा वेळी मला बसचं वेळापत्रक आठवतं. आज आठवलं नाही.

गुरुवार, २०

आठ दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे.

दाजी दुपारीच घरी आले. नळांची मोळी हवेत असताना उजवीकडे झुलली आणि शिट्टी तिच्या वाटेत होता. त्यानं मागे उडी मारली म्हणून डोकं वाचलं. ढिगावर पडला, मनगट मोडलं, दोन ठिकाणी.

"त्यानं वाजवलीच नाही," दाजी म्हणाले. पाणी प्यायले. "वाजवलीच नाही रे." मग चप्पल काढताना पुन्हा एकदा, कुणालाच उद्देशून नाही.

शिट्टी म्हणतो वाजवली. लांब, दोनदा. पण त्या कोपऱ्यात दुसरं कुणी नव्हतं. सोमवारी साहेबांसमोर दोघांना बोलावलंय. दाजींचं म्हणणं लिहून घेतलंय. शिट्टीनं इशारा दिला नाही असं ठरलं तर त्याला काढून टाकतील, मोडलेल्या मनगटासकट.

"अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता," दाजी म्हणाले.

ताई दारात उभी होती. तिनं दाजींची चप्पल उचलून जागेवर ठेवली.

शुक्रवार, २१

दाजी सही करायला यार्डात गेले होते. चिंगी शाळेत. मला करमेना म्हणून एक सिनेमा लावला आणि पहिल्यांदाच दाजींच्या खुर्चीत बसलो. तीन आठवडे मी त्या खुर्चीसाठी आवाज लावतोय आणि तिच्यात बसलो कधीच नव्हतो.

उजवीकडून कुणीतरी कानाशी येऊन ओरडत होतं. डावीकडे जवळपास काही नाही. सवय होईल म्हणून पाच मिनिटं थांबलो. सवय होण्यासारखं ते नव्हतंच. मग ताईच्या जागेवर, सोफ्याच्या उजव्या टोकाला बसून बघितलं. दोन मिनिटांत उठलो. दोन आठवडे ती रोज संध्याकाळी तिथे बसतेय.

माइकनं लावलेले आकडे रिसीव्हरनं जपून ठेवलेत. ते एका बाजूला लिहिले, दाजींसाठी लावलेले दुसऱ्या बाजूला. चौकोनांची वही पहिल्यांदा कामाला आली.

माइक: डावा ०, मधला ०, उजवा ०.
दाजी: डावा −६, मधला +४, उजवा +१०.

वायर बदलली होती. स्पीकर बदलले होते. पडदा काढला होता. एकच गोष्ट बदलून बघितली नव्हती, खुर्चीतला माणूस.

मग यार्डातली केबिन आठवली, आणि उजवीकडचा तो आडवा हात. वही मिटली, परत उघडली.

ताई कपड्यांना इस्त्री करत होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"मी बायको आहे त्यांची. माहीत नसायला काय झालं?"

"मग सांगायचं ना."

"किती वेळा? मी सांगितलं की भांडण. तू हळू बोलतेस, पंखा वाजतो, शेजारचे दंगा करतात." तिनं बाही उलटी केली. "वाटलं, मशीन सांगेल. मशीनशी कुणी भांडत नाही. तुला बोलावलं ते त्यासाठी. तू मशीनचंच तोंड बंद केलंस."

"मला काय माहीत."

"नव्हतंच माहीत. म्हणून तर काही बोलत नाहीये." तिनं शर्टाची घडी घातली. "मीही सांगायला हवं होतं तुला. आडून आडून करायची सवय लागलीय या घरात."

शनिवार, २२

पिशवी भरली. हे लिहायला लाज वाटतेय, पण वही खोटी ठेवण्यात अर्थ नाही. गुंता झाला की मी पुढच्या गावाला निघतो. दोरी जिथल्या तिथे सोडायची, दुसरीकडे नवी घ्यायची. बोटीवरूनही असाच उतरलो. दहाची गाडी होती, मग साडेबाराची.

मी गेलो तर काय होईल ते तोंडपाठ झालंय. सोमवारी दाजी म्हणतील वाजवली नाही. ते खोटं बोलणार नाहीत, त्यांना खरंच ऐकू आली नाही. शिट्टी जाईल. नवा कुणीतरी खाली उभा राहील, आणि तो मीही असू शकतो, दाजींनी शब्द टाकलाय. आणि दाजी रोज संध्याकाळी माझ्या अधिक दहावर सिनेमा बघतील आणि म्हणतील, कान ठणठणीत आहेत.

चिंगीनं पिशवी बघितली. "कुठे चाललास?"

"कुठे नाही. कपडे लावून ठेवतोय."

"मामा, तू कधीच कपडे लावत नाहीस."

साडेबाराची गेली.

रविवार, २३

सकाळी दाजींसमोर वही ठेवली. बोलायची पूर्ण तयारी केली होती, ती सगळी हवेत गेली. नुसतं म्हटलं, "हे माइकचे आकडे आहेत. हे तुमचे."

त्यांनी चष्मा लावला. बघत राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो.

"मशीन जुनं आहे," ते म्हणाले.

"मीही तसंच म्हणत होतो, दाजी. सगळं अदलाबदल करून बघितलं."

"तू काय डॉक्टर आहेस? चार महिने वायरी गुंडाळल्यास."

"तीन."

"निघ इथून."

मी उठलो नाही. आत ताईनं नळ बंद केला, आम्हाला कळावं की ती ऐकतेय. दाजींनी वही माझ्याकडे सरकवली, मग परत ओढून घेतली आणि त्या उजव्या आकड्यावर बोट ठेवलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी नुसती गुणगुण होती. मग फोन त्या कानाला लावला की माणूस गुहेत. यार्डातल्या दरवर्षीच्या तपासणीला एक मुलगी बसते, कानावर ते घालते, ऐकू आलं की हात वर करा म्हणते. मी तिच्या बोटाकडे बघायचो. बोट दाबलं की हात वर. दोन्ही वर्षं पास."

"मग मला उजवा का वाढवू दिलात?"

"तू लावल्यावर पावलं आली ना जिन्यावरून." त्यांनी चष्मा काढला. "वाटलं, असेलही. मशीनचंच असेल. बारा दिवस छान गेले, मेव्हणे. त्या बारा दिवसांत मी खालच्या माणसाकडे मान वळवून बघायचं सोडलं. त्याआधी दर फेरीला खिडकीतून वाकून बघायचो. तो हसायचा मला, मान लचकेल म्हणायचा."

हे मला माहीत नव्हतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. आकड्यांच्या पानावर ते लिहायला जागाही नाही.

"उद्या साहेबांना सांगतो," दाजी म्हणाले. "क्रेन जाईल. ते बघू." मग ताई बाहेर आली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, "पण आधी त्याच्याकडे जायला हवं. साहेबांकडून त्याला कळता कामा नये." आणि मला, "तू पण चल. तुझी वही घे."

तीन जिने चढून शिट्टीचं घर. तो खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला. आम्हाला बघून उठायला लागला.

"बस रे," दाजी म्हणाले.

बायकोनं चहा ठेवला आणि आत गेली. शिट्टीच तावातावानं सुरू झाला, जणू आम्ही भांडायला आलोय. "हे बघा, मी वाजवली. म्हणजे मला तरी वाटतं वाजवली. तीन दिवस झोपून तेच करतोय, तोंडात धरली, फुंकली, मग उडी. आज सकाळी ही म्हणाली, नक्की फुंकलीस ना, की नुसती धरलीस? तर मलाच सांगता येईना. अकरा वर्षं वाजवतोय, आणि आता आठवत नाही."

"वाजवलीस," दाजी म्हणाले.

"तुम्ही तर लिहून दिलंय की—"

"मला ऐकू आली नाही. उजव्या कानानं मला येत नाही." मला खुणावलं, मी वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली, पण त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "उद्या तसं सांगणार आहे. तुझी चूक नाही, हे आधी तुला सांगायला आलो."

शिट्टीनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. चेहरा एकदम सुटला त्याचा. चांगल्या हातानं त्यानं कप उचलला, आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाला, "ऐकलंस का? वाजवली होती मी." एक घोट घेतला. मग कप तसाच धरून थांबला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं."

कप त्यानं हळूच खाली ठेवला, आवाज न करता.

"दोन वर्षं," तो म्हणाला, "मी त्या बाजूला उभा राहायचो."

दाजींनी मान हलवली. चहा कुणीच संपवला नाही. जिना उतरताना मी दाजींच्या पुढे होतो. ते मागून काहीतरी म्हणाले आणि मला ते कळलं नाही. "काय म्हणालात?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, काही नाही.